कॅनडाची स्किल्ड वर्कर फाइल: टाकण्याआधी आणि वाट बघताना, बडोदेकरांसाठी तयारी

कॅनडात कायम राहण्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, स्किल्ड वर्कर म्हणून ऑनलाइन अर्ज करणार असाल तर सबमिटचं बटण दाबण्याआधी भरलेल्या फॉर्मचं प्रत्येक पान पीडीएफ करून स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवा. सगळ्या तारखा, सगळे पत्ते, नोकऱ्या, परदेशप्रवास, 'इतर नावं'च्या रकान्यात लिहिलेलं सुद्धा. फाइल वर्षभर पडून राहिली, एका कचेरीतून दुसरीकडे गेली, की नवा अधिकारी शेड्युल ए, म्हणजे पार्श्वभूमीच्या माहितीचा आयएमएम ५६६९ फॉर्म, नव्याने भरून मागू शकतो. तेव्हा आठवणीतून भरलेला फॉर्म आणि आधीचा फॉर्म शेजारी-शेजारी ठेवून वाचले जातात. पहिल्यात नोकरी जूनमध्ये सुटलेली, दुसऱ्यात ऑगस्टमध्ये. पहिल्यात दोन महिने बेकार, दुसऱ्यात ते महिने गायबच. तुमच्या लेखी ती विसरभोळेपणाची चूक, त्यांच्या लेखी खोटी माहिती दिल्याचा संशय. तो सिद्ध झाला तर पाच वर्षं दार बंद. बाकीची यादी पुढे आहेच, पण वेळ नसेल तर निदान एवढं करून उठा.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा जनरल ट्रेनिंगची द्या, अकॅडेमिकची नाही. निकाल दोन वर्षं चालतो, कॅनडासाठी करून घेतलेलं पदवीचं मूल्यांकन पाच वर्षं, आणि दोन्ही, एक्स्प्रेस एंट्री या कॅनडाच्या ऑनलाइन निवडपद्धतीत प्रोफाइल भरताना व अर्ज टाकताना, जिवंत असायला हवेत. एम. एस. युनिव्हर्सिटीची ट्रान्सक्रिप्ट लागणार असेल तर प्रोफाइल भरण्याचा विचार डोक्यात आला त्याच आठवड्यात अर्ज करा. अर्ज करण्याचं आमंत्रण आल्यावर हातात फक्त ६० दिवस असतात आणि त्यात पदवीचं काम बसत नाही. पासपोर्ट, फोटो यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

नावांबद्दल मात्र सांगावं लागेल, कारण बडोद्यातल्या मराठी घरात एकाच माणसाची चार नावं निघतात. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. गायकवाडचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर 'एई'ने, दुसऱ्यावर 'एआय'ने. शाळा सोडल्याच्या दाखल्यात वडिलांच्या नावाला कुणीतरी 'भाई' चिकटवलेलं, आईच्या नावाला 'बेन'. लग्नानंतर बायकोचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली, पण पदवी माहेरच्या नावावर. कॅनडातल्या अधिकाऱ्याला हे आपोआप कळेल अशी आशा धरू नका. वापरात असलेलं प्रत्येक नाव 'इतर नावं'मध्ये लिहा आणि 'या सर्व नावांची व्यक्ती एकच' असं स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडा. नवराबायकोची वेगवेगळी करा, एकत्र नको. महानगर सेवा सदनाचा जन्मदाखला गुजरातीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. घरातल्या कुणी केलेलं भाषांतर चालत नाही, मग ती व्यक्ती वकील असली तरी.

अनुभवाचं पत्र लेटरहेडवर हवं. त्यात हुद्दा, कामाचा काळ, आठवड्याचे तास, पगार व भत्ते, कामाचं स्वरूप आणि सही करणाऱ्याचं नाव व हुद्दा हवा. मोठ्या कंपन्या आणि सरकारी उपक्रम बहुधा दोन ओळींचा सर्व्हिस दाखला देतात, त्यात कामाचं स्वरूप नसतं. मग तोच दाखला, वरिष्ठांचं स्वतंत्र पत्र, पगारपत्रकं, फॉर्म १६ आणि 'कंपनी असं पत्र देत नाही' असं स्पष्टीकरण, एवढं एकत्र लावा. मकरपुरा किंवा नंदेसरीच्या छोट्या युनिटमध्ये उलटी अडचण असते: मालक म्हणतो, तूच लिहून आण, मी सही करतो. अशा वेळी एनओसीच्या, म्हणजे कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणाच्या, संकेतस्थळावरची वाक्यं उचलून चिकटवू नका. अधिकारी ती वाक्यं रोज वाचतो. आपण खरोखर काय केलं, कुठली यंत्रं, किती माणसं हाताखाली, ते आपल्या शब्दांत लिहा.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवेतून घ्या. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पोलीस चौकशी नव्याने होते, तेवढे दिवस हिशोबात धरा. सध्या राहता त्या देशाची पीसीसी अर्जाच्या तारखेच्या सहा महिन्यांच्या आतली हवी. गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाची लागते आणि ती तो देश सोडल्यानंतर काढलेली हवी. कोयलीला रिफायनरीत काम करून नंतर आखातात गेलेले बरेच जण आहेत. त्यांनी तिकडच्या पीसीसीला सगळ्यात आधी हात घालावा, कारण इथे बसून ती मिळवायला सगळ्यात जास्त वेळ जातो. नवराबायको दोघांची लागते. नोकरी एकट्याने केली म्हणून दुसऱ्याची सुटत नाही.

पैशांचं पत्र म्हणजे नुसतं स्टेटमेंट नव्हे. बँकेच्या लेटरहेडवर खाती, प्रत्येक खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी आणि कर्जं लिहून मागा. शाखेतला माणूस 'आमच्याकडे असा फॉर्मॅट नाही' म्हणेल. नमुना छापून बरोबर न्या. चौघांच्या कुटुंबाला जुलै २०२५ पासून २८,३६२ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. आकडा दरवर्षी बदलतो आणि पैसे अर्जाच्या दिवशी तसेच व्हिसा मिळण्याच्या दिवशीही हवेत. गावची जमीन, फ्लॅट, सोनं यात धरलं जात नाही. उसने पैसे चालत नाहीत. सासऱ्यांनी मोठी रक्कम दिली असेल तर भेटपत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा जोडा, नाहीतर ती रक्कम संशयास्पद दिसते.

मेडिकल आता अर्जासोबतच लागतं. एक्स्प्रेस एंट्रीसाठी हा नियम २१ ऑगस्ट २०२५ पासून आहे. ते नेमलेल्या डॉक्टरकडेच होतं, आपल्या फॅमिली डॉक्टरचं प्रमाणपत्र निरुपयोगी. मिळालेला कागद अपलोड करा, मूळ प्रत ठेवा. बायोमेट्रिक्सचं, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो देण्याचं, पत्र आलं की ३० दिवसांत अहमदाबादचं व्हीएफएस, म्हणजे व्हिसा अर्ज केंद्र, गाठा. चौदा वर्षांपुढच्या मुलांनाही न्या.

अपलोड करताना प्रत्येक रकान्यात एकच फाइल जाते आणि ती ४ एमबीच्या आत हवी. म्हणून सगळे पगाराचे कागद एका पीडीएफमध्ये जोडा, रंगीत स्कॅन करा आणि मग आकार कमी करा. फोनने काढलेले तिरके फोटो नकोत.

आता पुन्हा तेच. फॉर्म पूर्ण भरला, सगळं तपासलं, बटण दाबणार आहात. थांबा. पानं सेव्ह केलीत का? खात्यात नंतर सगळं दिसेल या भरवशावर राहू नका. आणि खातं एजंटच्या नावाने असेल तर तुम्हाला काहीच दिसणार नाही. रेसकोर्स, अलकापुरीला बोर्ड लावून बसलेल्यांपैकी ज्याला पैसे देणार आहात, त्याचं नाव कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या नोंदवहीत आहे का ते आधी बघा. मग सांगा: सबमिट केलेल्या फॉर्मची संपूर्ण प्रत हवी, मगच शेवटचा हप्ता. 'सर, आमच्याकडे सेफ आहे' हे उत्तर मान्य करू नका. त्याने तुमच्या वतीने चुकीची तारीख लिहिली तरी सही तुमची असते, आणि बंदी आली तर तीही तुमच्याच नावावर येते.

वैयक्तिक इतिहासात दहा वर्षांत एकही महिना रिकामा नको. पदवीनंतर चार महिने घरी बसला होतात तर 'बेकार, बडोदे' असं लिहा. तलाठी किंवा सरकारी शाळेतलं काम 'सरकारी पदं'च्या रकान्यातही जातं. हे सगळं आधी वहीत महिना-वर्ष लिहून काढा आणि मग फॉर्ममध्ये उतरवा. ती वही जुनी पानं म्हणून रद्दीत जाते, म्हणून पीडीएफ.

अर्ज गेला, पावती आली. आता पोर्टलवर पार्श्वभूमी पडताळणीच्या ओळीपुढे 'लागू नाही' दिसलं की घाबरू नका आणि 'सुरू आहे' दिसलं की पेढे वाटू नका. निर्णयासाठी सहा महिन्यांचं मानक आहे, हमी नाही. या काळात जे बदलेल ते इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावरच्या वेबफॉर्मवरून कळवायचं: नोकरी, पत्ता, नवा पासपोर्ट, लग्न, मूल. कळवलेल्याची आपोआप येणारी मेल जपून ठेवा. यात सगळ्यात महागात पडतो तो न कळवलेला माणूस. वाट बघताना बाळ झालं आणि 'पुढे बोलावून घेऊ' म्हणून नाव घातलं नाही, तर ते मूल नंतर कौटुंबिक स्पॉन्सरशिपवर आणता येत नाही. कायद्यातच तशी तरतूद आहे. सोबत न येणारी जोडीदार आणि मुलंही नोंदवायची आणि त्यांचं मेडिकलही करायचं. अर्ज दाखल झाला त्या दिवसाचं मुलाचं वय धरलं जातं, २२ च्या आत हवं, त्यामुळे फाइल लांबली म्हणून मोठ्या मुलाची काळजी करू नका.

फाइल दुसऱ्या कचेरीकडे गेली असं कळलं की बडोद्यात फोन फिरू लागतात. शांत राहा. २०१५ च्या जानेवारीत एक्स्प्रेस एंट्री आली तेव्हापासून सगळं ऑनलाइन आहे. त्यापूर्वी कागदी अर्ज नोव्हा स्कोशियातल्या सिडनीला जात आणि तिथून नवी दिल्लीला, म्हणून जुने लोक अजून 'सिडनीतून निघाली का' विचारतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅनडाचे ४१ राजनैतिक अधिकारी परत गेले, इमिग्रेशन खात्याची इथली माणसं २७ वरून ५ वर आली, आणि भारतातल्या बहुतेक अर्जांचं काम तर त्याआधीपासूनच भारताबाहेर होत होतं. बदली म्हणजे नकार नव्हे, तशी मंजुरीची चाहूलही नव्हे. कामाचा भार वाटायला फायली हलवतात. अर्जाचा क्रमांक, ई ने सुरू होणारा, तोच राहतो. नव्या कचेरीला कागद कुरियरने पाठवू नका, बदलीसाठी किंवा बदली रोखण्यासाठी विनंती करत बसू नका. वेबफॉर्ममध्ये अर्जाचा क्रमांक आणि यूसीआय, म्हणजे खात्याने तुम्हाला दिलेला ग्राहक क्रमांक, लिहिला की पत्र योग्य ठिकाणी जातं.

पण बदलीनंतर एक गोष्ट खरोखर बदलते. फाइल पहिल्यांदाच वाचणारी व्यक्ती समोर येते आणि ती पहिल्या पानापासून वाचते. जास्त कागद मागण्याची पत्रं अशाच वेळी येतात: नवी पीसीसी, बँकेचं ताजं पत्र, आणि हो, शेड्युल ए पुन्हा. मुदत पत्रात लिहिलेली असते, कधी आठवड्याची, कधी महिन्याची, आणि ती पत्राच्या तारखेपासून मोजली जाते, तुम्ही उघडल्यापासून नाही. म्हणून मेलचं स्पॅम रोज बघा. पत्र आलं की आधी तुमची जपलेली पीडीएफ उघडा, मग नवा फॉर्म. ओळ अन् ओळ जुळवा. आधीच्या फॉर्ममध्ये चूक सापडली तर ती गुपचूप दुरुस्त करू नका. 'आधी असं लिहिलं होतं, बरोबर तारीख ही, पुरावा सोबत' असं छोटं पत्र जोडा. चूक स्वतः सांगितलेली आणि त्यांनी पकडलेली, यात फार फरक असतो. प्रत नसेल तर? कॅनडाच्या खाजगी माहितीच्या कायद्याखाली आपल्या फाइलची नक्कल मागता येते, जुलै २०२२ पासून भारतात बसूनही, तीही फुकट. पण उत्तराला कायद्याने ३० दिवस असतात आणि ते वाढतातही. पंधरा दिवसांच्या मुदतीच्या पत्रापुढे त्याचा काय उपयोग? म्हणून ज्याला हे अजून शक्य आहे त्याने आजच प्रत करावी.

त्याच मार्गाने जीसीएमएस नोट्स, म्हणजे खात्याच्या संगणकातल्या तुमच्या फाइलच्या नोंदी, मागवता येतात. फाइल कुठल्या कचेरीत आहे, कुठे अडली, ते त्यात दिसतं. एजंटला पैसे देण्याची गरज नाही. पण दर महिन्याला मागवू नका, त्याने फाइल पुढे सरकत नाही.

शेवटचं थोडक्यात. मेडिकल १२ महिने चालतं, पुन्हा करायला सांगितलं तर करा. पासपोर्ट मागवला की अहमदाबादच्या व्हीएफएसमध्ये द्या. व्हिसाची अंतिम तारीख बहुधा मेडिकल किंवा पासपोर्टच्या मुदतीला बांधलेली असते आणि वाढवून मिळत नाही, म्हणून तिकीट त्या तारखेच्या आत. दागिन्यांची यादी फोटो आणि सराफाच्या किमतीसह करा. मागून येणाऱ्या सामानाची वेगळी, दोन प्रतींत. पोहोचल्यावर १८० दिवसांत कॅनडातला पत्ता द्या, पीआर कार्ड त्यावर येतं.