तापातली मरगळ कशी ओळखायची, कशी सांभाळायची

पाऊस सुरू झाला की पुण्यात घरटी एक जण आडवा होतो. जुलै ते नोव्हेंबर डेंगी आणि चिकुनगुन्या, मधूनमधून फ्लू. तापाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पण तापलेला माणूस बोलेनासा होतो, दोन घास खाऊन ताट सरकवतो, टीव्ही बंद करा म्हणतो, कुणी खोलीत आलं की भिंतीकडे वळून झोपतो. हे एक तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडून दिलं जातं, नाहीतर ‘जरा उठून बस, बरं वाटेल’ म्हणत त्याच्या मागे लागलं जातं. दोन्ही चूक. ही मरगळ रोगप्रतिकारशक्ती मेंदूकडून करवून घेते. तिला ठरावीक रूप आहे, आणि ते माहीत असलं की ती कधी हद्द ओलांडते हे घरच्या माणसालाही वेळेत कळतं.

आधी आत काय चालतं ते. विषाणू शिरला की पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ ही त्यातली मुख्य. मेंदूभोवती रक्ताची कडक चाळणी असली तरी निरोप तीन वाटांनी पोचतो. पोटातून आणि छातीतून वर जाणारी व्हेगस नस एक. मेंदूतल्या ज्या मोजक्या जागी ती चाळणी विरळ आहे, त्या जागा दुसरी वाट. आणि तिसरी, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी; त्या प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार करतात. ते हायपोथॅलॅमसला, म्हणजे मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागाला, गाठतं आणि शरीराचं ठरलेलं तापमान वर सरकतं. पॅरासिटामॉल नेमकं हेच प्रोस्टाग्लँडिन कमी करतं. विषाणूला ते काहीही करत नाही.

त्याच निरोपांमुळे भूक मरते, झोप येते, अंग ठणकतं आणि कशातच रस उरत नाही. एरवी मनःस्थिती सांभाळणारं सेरोटोनिन बनवायला लागणारं ट्रिप्टोफॅन दुसऱ्या वाटेला वळतं, आणि एखादी गोष्ट करावीशी वाटायला लागणारं डोपामाइनचं कामही मंदावतं. निरोगी स्वयंसेवकांना जंतूंच्या कवचातला घटक अगदी थोड्या मात्रेत टोचला, तर काही तासांतच त्यांचं मन खिन्न होतं. जिवंत जंतू एकही नसताना. हिपॅटायटिस सी वर पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं देत, त्या उपचारात अनेकांना खरंखुरं नैराश्य यायचं. पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८मध्ये मांडलं की आजारी जनावराचं मलूल होणं हा बिघाड नाही, ती शक्ती वाचवून ताप पेलण्याची तजवीज आहे. शरीराचं तापमान १ अंश सेल्सियसने वाढवायला चयापचय साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढवावं लागतं. तो खर्च इतर कामांतून वाचवावा लागतो.

म्हणून तापात ‘इम्युनिटी वाढवायचे’ काढे पाजत बसण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. त्या दिवसांत जो त्रास होतो, त्यातला बराचसा त्रास कामाला लागलेल्या प्रतिकारशक्तीचाच असतो.

वही काढा

शाळकरी दोनशे पानी वही चालेल. दिवसातून चार वेळा, सकाळी ८, दुपारी १, संध्याकाळी ६ आणि रात्री १० वाजता पाच गोष्टी लिहा: ताप, किती पाणी पोटात गेलं, लघवी केव्हा झाली, कोणती गोळी किती वाजता दिली, आणि माणूस कसा आहे. शेवटच्या रकान्यात ‘बरा’ किंवा ‘मलूल’ लिहून काही कळत नाही. हाक मारल्यावर लगेच ओ दिली का, पूर्ण वाक्यात बोलला का, स्वतःहून काही मागितलं का, हे लिहा. ‘चहा मागितला’ ही नोंद पुष्कळ काही सांगते. आपणहून काही मागावंसं वाटणं हे या मरगळीत लवकर जातं.

प्रौढ माणसाला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान ६ तासांचं अंतर ठेवून. मुलांना वजनावर, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. घोटाळा होतो तो सर्दीच्या गोळीमुळे. तिच्यात बहुतेकदा पॅरासिटामॉल असतंच, आणि घरात एक जण तापाची, दुसरा सर्दीची गोळी देतो. पाकिटावरचे घटक वाचा. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल, तर मात्रा डॉक्टरांना विचारूनच. डेंगीची शंका असेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नको. रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन हृदयासाठी रोज चालू असेल, तर ती मनाने बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

थंडी वाजते तेव्हा मेंदूने पारा १०२वर लावलेला असतो आणि अंग असतं ९९वर. दोन्हींत मेळ बसेपर्यंत शरीर कुडकुडत राहतं. तेव्हा गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या की ते अजूनच कुडकुडतं. एक पांघरूण द्या. घाम सुटला की मेंदूने पारा खाली आणला असं समजा. मग पांघरूण काढा, पंखा लावा, ओले कपडे बदला.

जेवणाचा आग्रह दोन-तीन दिवस सोडून द्या, पाण्याचा सोडू नका. पेज, वरणाचं पाणी, ताक, शहाळं, आणि ओआरएस पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, बहुतेक मोठ्या पाकिटांना १ लिटर. मोठ्या माणसाला दिवसभरात दोन-अडीच लिटर एकूण द्रव पुरे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. दर ४ ते ६ तासांनी लघवी होते आहे, म्हणजे पाणी पुरतं आहे. भूक स्वतःहून येते. तोंडाला चव नसते तेव्हा मऊ भात, मेतकूट आणि थोडं तूप बहुतेकांना जातं.

भेटायला येणाऱ्यांना थांबवा. ही वाईट वाटण्याची गोष्ट नाही. शरीरात दाह असताना माणूस परक्यांपासून दूर राहू पाहतो, पण अगदी जवळच्या माणसाची ओढ उलट वाढते. म्हणून दहा जणांनी पाच-पाच मिनिटं डोकावण्यापेक्षा बायकोने, आईने किंवा भावाने शेजारी नुसतं बसून पेपर वाचावा. बोललंच पाहिजे असं नाही.

डेंगीत ताप उतरतो तेव्हा

इथे सर्वांत जास्त गफलत होते. डेंगीचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो, घरातले सुटकेचा श्वास टाकतात, आणि धोक्याचे २४ ते ४८ तास तेव्हाच सुरू होतात. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. साधी मरगळ ताप उतरला की हळूहळू हलते, डोळ्यांत जरा तेज येतं. ताप उतरूनही माणूस जास्त सुस्त झाला, किंवा विनाकारण तळमळू लागला, चिडचिडा झाला, तर ते धोक्याचं लक्षण आहे. पोटात सतत दुखणं, वारंवार उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं यातलं एकही दिसलं तर रिपोर्टची वाट पाहू नका, रुग्णालयात न्या. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्यावर डोळे लावून बसणारी घरं हे बदल हमखास चुकवतात.

आजी ‘मला घरी जायचंय’ म्हणतात

समजा, ७८ वर्षांच्या आजी आहेत. सकाळी छान बोलल्या. तिन्हीसांजेला पलंगावर बसून चादरीचा काठ बोटांनी चाचपत राहिल्या आणि म्हणाल्या, “मला घरी जायचंय.” आपल्याच घरात बसून. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठीक, दुपारी गप्प. सगळे म्हणतात, वय झालं. पण स्मृतिभ्रंश दोन दिवसांत येत नाही. असा अचानक, कमी-जास्त होणारा गोंधळ म्हणजे डेलिरियम, आणि वृद्धांत त्याच्या मागे पुष्कळदा लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असतो. पारा ९९च्या वर गेलेलाही नसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

तपासायला सोपी गोष्ट: “आई, रविवारपासून उलटे वार सांग बघू.” रविवार, शनिवार, शुक्रवार… इथवर जाऊन गाडी पुन्हा ‘शनिवार, रविवार, सोमवार’ अशी सरळ धावू लागली, किंवा मधेच आपण काय सांगतोय हेच विसरल्या, तर लक्ष टिकत नाहीये. कालपर्यंत हे त्यांना सहज जमत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. गप्प-गप्प पडून राहणारा डेलिरियम आरडाओरड्याच्या डेलिरियमपेक्षा जास्त निसटतो, कारण शांत पेशंट कुणालाच त्रास देत नाही.

तोवर चष्मा आणि कानातलं यंत्र त्यांना लावून द्या. ते उशाशी काढून ठेवलेलं असतं आणि अर्धा गोंधळ तिथूनच वाढतो. घड्याळ दिसेल असं ठेवा, दिवसा पडदे उघडा, रात्री मंद दिवा. वाद घालू नका, “आपण घरीच आहोत, मी इथे आहे” एवढं पुरे. झोपेची गोळी आणि झोप आणणारं सर्दी-खोकल्याचं औषध मनाने देऊ नका. त्याने गोंधळ वाढतो.

प्रतिकारशक्तीचा नेम चुकतो तेव्हा

जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी भागात गिलियन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले ते पुणेकर विसरलेले नाहीत. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय या जुलाब करणाऱ्या जंतूचा बाहेरचा थर आपल्या नसांवरच्या घटकांशी मिळताजुळता असतो. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) नसांवरच चालून जातात. यात मेंदू सहसा शाबूत असतो, पेशंट पूर्ण शुद्धीवर असतो, आणि म्हणूनच मरगळीपासून हे वेगळं करता येतं. जुलाब होऊन एक ते तीन आठवडे झाले आहेत, तळव्यांना मुंग्या येतात, पाटावरून उठता येत नाही, जिना चढता येत नाही, आणि दुबळेपणा पायांकडून वर सरकतोय: थकवा म्हणून झोपू नका, त्याच दिवशी रुग्णालय. श्वासाचे स्नायूही दुबळे पडू शकतात, आणि दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांची इंजेक्शनं किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत उपयोगी पडतो.

दुसरा प्रकार मेंदूवरच उलटतो. धडधाकट तरुण मुलगी काही दिवस-आठवड्यांत भलतंच बोलू लागते, झोप उडते, तोंडाच्या विचित्र हालचाली, झटके, मग बोलणंच बंद. ‘बाहेरचं’ म्हणून देवऋषीकडे नेण्यात किंवा फक्त मानसिक म्हणून थांबण्यात मोलाचे दिवस जातात. एनएमडीए रिसेप्टर या मेंदूतल्या निरोप टिपणाऱ्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूदाह २००७मध्ये ओळखला गेला. पाठीच्या पाण्याची तपासणी, ईईजी आणि एमआरआय करून त्यावर उपचार होतात, बहुतेक रुग्ण सुधारतात. नव्याने सुरू झालेल्या वेडसर वागण्यासोबत झटका किंवा ताप असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. झटका, बेशुद्धी, मान ताठ होणं यांत १०८ला फोन.

दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड चालू असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: प्रेडनिसोलोन रोज ४० मिलिग्रॅमच्या वर गेलं की झोप उडणं, चिडचिड, अवाजवी उत्साह यांचं प्रमाण वाढतं. डॉक्टरांनी दुसरं सांगितलं नसेल तर सकाळी न्याहारीनंतर घ्या, आणि अचानक बंद करू नका.

पुन्हा उठताना

ताप जाऊन तीन दिवस झाले की आपल्याकडे माणूस ऑफिसात आणि येत्या रविवारी सिंहगडावर. तिथेच घोळ होतो. सायटोकाइनची पातळी उतरली तरी मेंदूतल्या प्रतिकारशक्तीच्या मायक्रोग्लिया पेशी लगेच निवळतात असं नाही. सपाटीवर १० मिनिटं चालून सुरुवात करा. त्या संध्याकाळी कसं वाटलं यावर जाऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटतं ते बघा. थकवा वाढला असेल तर वेळ निम्मी करा, नसेल तर दोन दिवसांनी ५ मिनिटं वाढवा. सलग ४० मिनिटं सपाटीवर जमली की मग तळजाईचा किंवा पर्वतीचा चढ, आणि सिंहगड त्याच्या नंतर. चिकुनगुन्यात सांधे महिनोन्महिने धरतात, तिथे हा हिशोब अजून सावकाश.

दोन आठवडे उलटूनही रस परतला नाही, रोज रडू येतं, स्वतःला दोष देणं थांबत नाही, तर हे तापाचं उरलेलं म्हणून सोसू नका. याचा इलाज होतो. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हणालं, तर दोन आठवडे मोजायचे नाहीत आणि त्याला एकटं ठेवायचं नाही.

आणि झोप. सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलेल्यांना त्याच दरम्यान फ्लूची लस दिली, तेव्हा दहा दिवसांनी त्यांची प्रतिपिंडं पुरेसं झोपलेल्यांच्या निम्म्याहून कमी भरली. हा अभ्यास २००२चा. लस घ्यायची असेल तर त्या आठवड्यात रात्रपाळी टाळता आली तर टाळा. लस घेतल्यावर एखाद-दुसरा दिवस अंग मोडून येतं, काही करावंसं वाटत नाही. तोही तोच निरोप, छोट्या मापात. त्या दिवशी वहीत एक ओळ लिहून ठेवा आणि लवकर झोपा.