जुनी गिटार घेताना मान उघडून बघा

जुनी फेंडर इलेक्ट्रिक गिटार दाखवताना विकणारा बहुतेक वेळा मागच्या धातूच्या पट्टीवरचा सीरियल नंबर पुढे करतो. त्यावर विसंबू नका. ती पट्टी चार स्क्रूंवर बसते. पाच मिनिटांत दुसऱ्या गिटारवर जाते.

तारा सैल करा आणि विकणाऱ्याच्या परवानगीने मान, म्हणजे तारांखालची लांब दांडी, काढा. साठच्या दशकातल्या मानेच्या बुडाशी '२ MAR ६६ B'च्या धर्तीचा शिक्का असतो. महिना आणि वर्ष कळतंच. शेवटचा 'बी' मात्र दर्जा नव्हे, नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, रुंदी आहे. मग पिकगार्ड, म्हणजे समोरची पातळ पाटी, उचलून पॉट बघा. पॉट म्हणजे आवाजाच्या बटणाखालचा विजेचा भाग. १३७६६१२ असा आकडा असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ हे वर्ष, १२ वा आठवडा. हा पॉट बनल्याचा काळ, गिटारचा नव्हे. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा इतका मोठा साठा घेतला होता, की ते पुढची काही वर्षं वापरात राहिले. त्यामुळे १९६८च्या गिटारमध्ये ६६चा पॉट असणं अगदी स्वाभाविक आहे. उलट १९६४ची म्हणून दाखवलेल्या गिटारमध्ये तो निघाला, तर निदान पॉट तरी नंतर बदललाय.

वेगवेगळ्या वर्षांच्या भागांची गिटार वाजायला सुरेख असू शकते, मला तर अशा गिटार आवडतात. फक्त किंमत सुट्या भागांच्या हिशेबाने ठरवा.

मान परत बसवताना स्क्रू हातानेच, आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो 'टक्' करून बसला की मगच आवळा.