पवित्र शास्त्रातील पारसाचे राजे कसे वाचावेत

पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) जुन्या करारातील एज्रा, नहेम्या आणि एस्तेर ही पुस्तके घरी किंवा मंडळीच्या (चर्चच्या) अभ्यासवर्गात वाचायला घेताना वहीच्या पहिल्या पानावर पारसाच्या, म्हणजे प्राचीन इराणच्या, चार राजांचा काळ लिहून ठेवावा. कोरेशाने (सायरसने) इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल (बॅबिलोन) जिंकली. दारयावेशाने ५२२ ते ४८६, अहश्वेरोशाने ४८६ ते ४६५ आणि अर्तहशश्ताने ४६५ ते ४२४ राज्य केले.

हे पान समोर नसेल, तर एज्राचा चौथा अध्याय वाचकाला हमखास चकवतो. पाचव्या वचनात दारयावेशाचे नाव येते, पाठोपाठ अहश्वेरोश आणि अर्तहशश्त यांच्या काळातील तक्रारी येतात आणि चोविसाव्या वचनात कथा पुन्हा दारयावेशापाशी परतते. यरुशलेमाच्या पुनर्बांधणीला झालेल्या विरोधाचे सारे प्रसंग एकत्र सांगण्यासाठी पुढचा काळ मध्येच घेतलेला आहे. म्हणून पाचव्या वचनावरून थेट चोविसाव्यावर जावे, सहाव्या अध्यायात यरुशलेमाचे मंदिर पूर्ण होईपर्यंत वाचावे आणि वगळलेली वचने नहेम्याच्या पहिल्या अध्यायाआधी घ्यावीत. नगराचे काम कोणाच्या हुकमाने थांबले होते हे कळल्यावर, ते नगर पुन्हा बांधण्यासाठी त्याच अर्तहशश्ताकडे रजा मागणाऱ्या नहेम्याची, म्हणजे त्याच्या यहूदी प्यालेबरदाराची, भीती समजते.

यशया ४५:१ मात्र सावकाश वाचावे. तेथे कोरेशाला ‘अभिषिक्त’ म्हटले आहे. मूळ इब्री शब्द ‘मशीहा’ (पुढे अपेक्षित तारणाऱ्यासाठी रूढ झालेला) हाच आहे, आणि देवाला न ओळखणाऱ्या परक्या राजाला तो दिला आहे. १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडलेल्या कोरेशाच्या मृत्तिकालेखात बाबेलवरचा विजय तेथील मार्दुक देवाच्या कृपेचा म्हणून सांगितला आहे. त्यात यरुशलेमाचे नाव नाही, तेव्हा यहूद्यांना परतून मंदिर बांधू देणारा एज्रातील कोरेशाचा हुकूम त्या लेखाने सिद्ध होतो असे वर्गात सांगू नये. लोकांना आणि देवमूर्तींना आपापल्या स्थानी परतू देण्याचे कोरेशाचे धोरण त्यातून दिसते, तेवढेच सांगावे.

आजच्या इराणविषयीची प्रत्येक बातमी दानीएलाच्या पुस्तकातील भविष्यवचनांना जोडण्याचा मोह मला घातक वाटतो. त्याऐवजी परधर्मीय राज्यात इमानाने चाकरी करणारा नहेम्या आणि स्वतःच्या लोकांसाठी जीव धोक्यात घालणारी एस्तेर यांच्या वागण्याचा विचार करावा, कारण अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या आपल्या मंडळीला त्यांचा प्रश्न ओळखीचा आहे.

नाशिककरांनी शेवटचा पाठ पांडवलेण्यांत घ्यावा. दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात त्याचा सासरा राजा नहपान याला ‘क्षत्रप’ (प्रांताधिकारी) म्हटले आहे. नहपान शक होता आणि कोरेशानंतर कित्येक शतकांनी झाला, परंतु शब्द प्राचीन इराणी आहे. एज्रा ८:३६ मध्ये पारसाच्या प्रांताधिकाऱ्यांसाठी तोच शब्द इब्री रूपात येतो. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राला, गौतमीपुत्र सातकर्णीला, शक, यवन आणि पह्लव यांचा संहारक म्हटले आहे. पह्लव म्हणजे पार्थी; तेथेच थांबून नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये २:९ उघडावे आणि पन्नासाव्या दिवशी (पेंटेकॉस्टच्या सणाला) यरुशलेमात जमलेल्यांच्या यादीत पहिले नाव कोणाचे आहे ते मोठ्याने वाचावे.