चिंचोके, शेरेबुक आणि पहिलं वर्ष

२०१९ च्या शिक्षक भरतीत पवित्र पोर्टलवर (शासनाच्या भरतीच्या संकेतस्थळावर) नाव लागलं, जिल्हा आला बीड. मी सांगलीकडच्या वाळवा तालुक्यातली. दिवाळी सरली की ऊसतोडीला येऊन आमच्या शिवाराच्या कडेला ज्यांच्या कोप्या (झोपड्या) पडतात ती माणसं तिकडची, एवढीच माझी बीडशी ओळख. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट एकतीस. पहिली-दुसरी माझ्या वाट्याला आली. कायम होण्याआधी शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं, मानधन महिना ६,००० रुपये. (२०२३ पासून प्राथमिकला १६,००० झालं. आम्ही खोलीभाडं देऊन वर घरूनच पैसे मागवायचो.)

मागच्या भरतीतले नवे शिक्षक आता आमच्या केंद्रात (आसपासच्या शाळांच्या गटात) आलेत. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, चहाच्या वेळी हमखास दोनच गोष्टी विचारतात: टाचण (उद्याच्या पाठाची लेखी तयारी) कसं काढायचं आणि शाळा तपासायला भेटीला आलेले साहेब काय विचारतात. मीही हेच विचारत होते. पण माझी फजिती झाली ती कागदांत नाही, वर्गात झाली.

डी.एड.चे सराव पाठ आठवा. एक वर्ग, एक घटक, हातात रंगीत तक्ता, मागे निरीक्षक, आणि नवी बाई आली म्हणून शहाण्यासारखी बसलेली मुलं. इथे एका खोलीत दोन इयत्ता. पहिलीकडे वळले की दुसरीत दप्तरं उडायची, दुसरीकडे वळले की पहिलीतलं कुणीतरी ‘म्याडम, ह्यानं पेन्सल घेतली’ म्हणून पदर ओढायचं. मी ओरडायचे. गणपतीपर्यंत घसा बसला. रात्री खोलीवर वाटायचं, आपण चुकीच्या नोकरीत आलो.

सोबतचे गुरुजी निवृत्तीला आलेले. उपदेश त्यांनी कधी केला नाही. एका शनिवारी सकाळच्या शाळेत म्हणाले, “मॅडम, तुमची लेकरं आज माझ्याकडं बसवा. तुम्ही मागं बसा नुसतं.”

बसले. पहिल्यांदा ध्यानात आलं की हा माणूस फार कमी बोलतो. चारही वर्ग समोर असताना त्यांनी आधी तीन वर्गांना काम वाटलं, ते सुरू झालेलं डोळ्यांनी पाहिलं आणि मगच चौथीचं पुस्तक उघडलं. नंतर म्हणाले, “आधी एकाच्या हाताला काम, मग दुसऱ्याला तोंडानं शिकवायचं.” मीही काम देत होतेच की! पाटीवर ‘अ’ दहा वेळा. ते पाच मिनिटांत संपायचं आणि मुलं मोकळी. त्यांनी माझ्या पहिलीला चिंचोक्यांचा ढीग दिला होता: दहा-दहाचे गठ्ठे करा, उरलेले बाजूला ठेवा, मग शेजाऱ्याचे मोजून तपासा. काम असं हवं की मुलाला मध्येच उठून विचारायला यावं लागणार नाही, आणि चुकलं तर त्याचं त्यालाच दिसेल. बहुवर्ग अध्यापनाच्या प्रशिक्षणात मला एवढं हाती लागलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ते माझ्या वर्गात येऊन बसले. माझे हात थरथरत होते. तासानंतर एकच वाक्य बोलले, “प्रश्न तुम्हीच विचारता अन् उत्तरबी तुम्हीच देता.” राग आला. मग घड्याळ लावून पाहिलं, तर खरंच दोन सेकंदही मी थांबत नव्हते. तेव्हापासून प्रश्न विचारला की मनात पाच अंक मोजते. तिसऱ्या-चौथ्या अंकाला मागच्या मुलांचे हात वर येतात.

दोन गोष्टी विषयातल्याही सांगते, कारण नवी माणसं इथे मुलांना ‘ढ’ ठरवून मोकळी होतात. सत्तावीस लिही म्हटलं की मूल ७२ लिहितं. कानाला सात आधी ऐकू येतो, ते तसंच लिहितं. २०१९ मध्येच बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीससाठी ‘वीस सात’ आलं आणि केवढा गदारोळ उठला! वादाचं काय ते असो, मी दोन्ही म्हणून घेते, आणि दोन गठ्ठे, सात सुटे असं हातात देते. दुसरी गोष्ट वाचनाची. अ ते ज्ञ संपेपर्यंत थांबू नका. क, म, ल आणि काना एवढ्यावर ‘काका’, ‘मामा’, ‘माल’, ‘कमाल’ तयार होतात. आपल्याला वाचता येतं हे मुलाला चौथ्या दिवशी कळलं पाहिजे.

दिवाळीनंतर शाळा उघडली आणि माझ्या सोळातली नऊच आली. मला वाटलं, माझ्या शिकवण्याला कंटाळून पळाली. गुरुजी हसले. आईबापांनी ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, कोयत्याबरोबर लेकरंही साखर कारखान्याला गेलेली. काही मुलं आजीजवळ राहतात, काहींची हंगामी वसतिगृहात सोय होते, बाकीची जातात. वाळव्यात कोप्यांपुढे खेळताना पाहिलेली ती हीच मुलं होती. आता दिवाळीच्या सुट्टीआधी मी प्रत्येकाच्या नावापुढे वहीत लिहून ठेवते: कुठल्या अक्षरापर्यंत आला, किती गठ्ठ्यांपर्यंत मोजतो. मूल परत आलं की तिथूनच धरायचं. पहिल्या वर्षी मागाहून लिहिलेली ती वही वाया गेली, मुलं यायच्या सुमाराला कोरोनाने शाळाच बंद झाल्या. पण सवय टिकली.

टाचण आणि भेटी यांचं थोडक्यात. टाचण उद्या खरंच जे करणार तेवढंच लिहा, चार ओळी चालतात. पहिल्या भेटीत साहेबांसमोर माझी बोबडी वळली आणि शेरेबुकात (भेटीचे शेरे लिहायच्या वहीत) ‘अध्यापनात सुधारणा आवश्यक’ असा शेरा आला. आठवडाभर जेवण गेलं नाही. तो शेरा नंतर कुणी उघडूनही पाहिला नाही.

मारू मात्र नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे म्हणून तर नाहीच, पण एकदा हात उचलला की पाच अंक मोजायचा धीर आपल्यात उरत नाही. एक चापट मीही मारली आहे. ते मूल दोन दिवस शाळेत आलं नव्हतं.

आता एक नवी शिक्षिका शनिवारी माझ्या वर्गात मागे बसते. तिला मी काही शिकवत नाही, फक्त काय दिसलं ते लिहायला सांगते. मागच्या शनिवारी तिने घाबरत वही पुढे केली. लिहिलं होतं: ‘भिंतीकडच्या मुलांना मॅडमनी एकही प्रश्न विचारला नाही.’ सोमवारी मी सतरंजीच फिरवून घातली.