सिगारच्या पेटीत भुंगेरे शिरले तर
सिगारवर टाचणीने टोचल्यासारखे गोल छिद्र आणि पेटीच्या तळाशी बारीक तपकिरी भुकटी दिसली, की आत तंबाखूचा भुंगेरा शिरला आहे असे समजावे. २-३ मिलिमीटर लांबीचा हा तांबूस कीटक आपल्या घरातल्या हळदीत आणि मिरचीतही सापडतो. खरी नासधूस मात्र त्याची अळी करते. पानांत दडलेली अंडी उष्णतेने उबतात, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात विशेष सावध राहावे लागते.

छिद्रे पडलेल्या सिगार लगेच वेगळ्या काढाव्यात. उरलेल्या सर्व, अगदी निर्दोष दिसणाऱ्यासुद्धा, हवाबंद दुहेरी पिशव्यांत भरून एक दिवस फ्रीजमध्ये, त्यानंतर किमान तीन दिवस उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये आणि पुन्हा एक दिवस फ्रीजमध्ये ठेवाव्यात. येथे घाई मुळीच करू नये, कारण गारठलेली सिगार एकदम उबेत आणली, तर तिचे बाहेरचे पान तडकते. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी.

दरम्यान रिकाम्या पेटीचे सांधे व कोपरे ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने स्वच्छ करावेत. कीटकनाशक कदापि फवारू नये. लाकूड ते शोषून घेते. पुढे पेटीतले तापमान १८ ते २० अंशांच्या आसपास राखावे.