ॲपला पॉइंट आणि बॅज चिकटवले म्हणजे गेम होत नाही, या चुका टाळा

सांगलीत बसून मी छोट्या धंद्यांना ॲप आणि वेबसाइट करून देतो, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी कुणीतरी येऊन म्हणतंच, "लोक डाउनलोड करतात पण परत उघडत नाहीत, जरा गेमसारखं कायतरी टाक की." मग पॉइंट, बॅज, लीडरबोर्ड (कोण वर, कोण खाली याची यादी), सगळा मसाला. मीपण टाकलाय आणि तोंडावर पडलोय, त्यातलंच सांगतो.

द्राक्षबागायतदारांसाठी फवारणीची डायरी केली होती. तासगाव-मिरज पट्ट्यात एकदा ऑक्टोबर छाटणी झाली की माणसाच्या डोक्यात डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांशिवाय दुसरं काय नसतं, त्यामुळं नोंदीला लोक रोज येणार असा आमचा हिशोब. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो ॲपात असते तशी स्ट्रीक लावली, सलग नोंद केली की आगीचं चिन्ह, ३० दिवस झाले की बॅज. पहिला महिना आकडे कसले भारी! मग एकदा मिरजेकडं एका आबांच्या बागेत बसलो होतो, तर त्यांनी माझ्यासमोरच फोन काढला, त्या दिवशी पंपाला हातसुद्धा लावला नव्हता तरी एका बुरशीनाशकाचं नाव टाकून सेव्ह करून मोकळे. म्हटलं आबा, आज मारलं कुठं तुम्ही? "न्हाई मारलं, पण त्यो जाळ विझतोय न्हवं का रं."

माझं तर डोकंच बंद पडलं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचे नमुने लॅबमध्ये औषधाच्या अवशेषांसाठी तपासतात, कुठलं औषध कधी मारलं आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीला किती दिवस सोडले यावर सगळा खेळ, आणि आमची डायरी खोटी भरायला आम्हीच शिकवत होतो. आबांची चूक नव्हती. भाषा शिकताना एक दिवस बुडाला तर नुकसानच आहे, म्हणून तिथं स्ट्रीक चालते, पण बागेत फवारणी न करणं हाच कितीतरी वेळा शहाणपणा असतो. आधी आम्ही 'आज फवारणी नाही' असं बटण देऊन तोही दिवस धरायला लागलो, नंतर स्ट्रीकच काढून टाकली आणि वर मोठ्या अक्षरात फक्त 'छाटणीनंतर दिवस ४२' एवढंच ठेवलं. बागायतदार तारखेत बोलतच नाही हो, तो 'बेचाळिसावा दिवस चाललाय' असंच म्हणतो. म्हणजे गेम त्याच्या डोक्यात आधीच चालू होता, आम्ही उगाच वरून दुसरा लादत होतो.

लीडरबोर्डचं तर विचारूच नका. दहा एकरवाला कायम वर, एक एकरवाला कायम तळाला, त्यात गाव एकच, सगळे एकमेकांना ओळखणारे. दोघांनी फोन करून सांगितलं, माझं नाव यादीतनं काढ. एकाला भीती वेगळीच, शेजाऱ्याला कळेल ना मी किती वेळा मारतोय ते! तुमच्याकडं वरचे पाच-दहा लोक जोरात आणि बाकी सगळे गप्प असं दिसत असेल तर पहिला संशय लीडरबोर्डवर घ्या. त्यापेक्षा माणसाला त्याचाच मागचा सीझन शेजारी दाखवा. गेम बनवणारे रिचर्ड बार्टल यांनी १९९६ सालीच गेम खेळणाऱ्यांचे चार प्रकार मांडले होते, कुणाला मिळवायचं असतं, कुणाला हिंडून शोधायचं असतं, कुणाला गप्पा हव्यात आणि कुणाला दुसऱ्यावर कुरघोडी, आणि आपण सगळ्यांना चौथ्याच खात्यात घालतो.

बक्षिसाचं पण तसंच. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा एक प्रयोग छापून आला, चित्रं काढायला आधीच आवडणाऱ्या लहान पोरांना 'काढलंस तर सर्टिफिकेट' असं सांगितलं, तर एक-दोन आठवड्यांनी तीच पोरं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. आवडीचं काम होतं त्याची मजुरी झाली. आणि २०१९ च्या दिवाळीत गुगल पेवर रांगोळी वगैरे पाच वेगवेगळे स्टॅम्प जमवले की २५१ रुपये होते, आठवतंय का, ओळखीपाळखीच्या सगळ्यांना 'रांगोळी आहे का रांगोळी' असे मेसेज? तसलं थोड्या दिवसांच्या ऑफरला मस्त, पण वर्षभराची सवय त्यावर बांधायला जाऊ नका.

लोक रजिस्ट्रेशनलाच पळत असतील तर फॉर्म बघा. आमच्या पहिल्या स्क्रीनवर १४ रकाने होते, गट नंबरपासून सगळं. १९८५ च्या मारिओत सूचना वाचायला लागत नाहीत, समोरून कायतरी चालत येतं, तुम्ही मरता, पुढच्या वेळी उडी मारता, शिकलात. आम्ही फक्त छाटणीची तारीख ठेवली, बाकीचं जेव्हा लागेल तेव्हा विचारायचं. आणि प्रोग्रेस बार, म्हणजे काम किती झालं ते दाखवणारी पट्टी, शून्यावरून सुरू करू नका. २००६ साली छापलेला नुनेस आणि द्रेझ यांचा कार-वॉशचा प्रयोग आहे, एका कार्डावर आठ शिक्के लागणार, दुसऱ्यावर दहा पण दोन आधीच मारलेले, मेहनत सारखीच, तरी पहिलं कार्ड १९ टक्के लोकांनी पूर्ण केलं आणि दुसरं ३४ टक्क्यांनी.

खोटा टायमर, 'फक्त ५ मिनिटं शिल्लक' वगैरे, तो तर लावूच नका. नोव्हेंबर २०२३ पासून केंद्राच्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या डिझाइनच्या, नियमांत १३ प्रकार दिलेत, खोटी घाई त्यात आहे.

आता तुमच्या ॲपमध्ये नक्की काय बिघडलंय ते कळत नसेल तर थोड्या युजरचे पॉइंट आठवडाभर बंद करून बघा. आकडा पडणारच, घाबरू नका, पण त्यानंतरही जे येतात ते कशासाठी येतात ते फोन करून विचारा, डॅशबोर्डवर बघत बसू नका. आमच्याकडं नोंदी कमी झाल्या, पण राहिल्या त्यात औषधाचं प्रमाणसुद्धा भरलेलं असायचं.

आबा परवा मार्केट यार्डात भेटले तर पहिलं हेच, "जाळ कुठं गेला रं?" म्हटलं मीच विझवला. "बरं केलंस," म्हणाले, "रोज खोटं लिवायला लई डोकं लागायचं."