शिक्षक दिनाचं कार्ड: पावसाळी हवेतल्या या चुका टाळा

५ सप्टेंबरला मुंबईत पाऊस अजून मुक्कामालाच असतो. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत त्या हवेत डिंक तरी कसा वाळणार? तरीही आपण ४ तारखेला रात्री जेवणं उरकून मुलांना कार्ड करायला बसवतो.

कागदापासूनच गडबड सुरू होते. घरात प्रिंटरचा ७०-८० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद सहसा जाड) कागद पडलेला असतो, तोच हाताशी घेतला जातो. तो दमटपणाने आधीच मऊ झालेला असतो. २०० ते २५० जीएसएमची कार्डशीट घ्या. ए४ मधोमध दुमडली की नेटकं ए५ कार्ड होतं. ही खरेदी लवकर उरका. गणपती जवळ आले की क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट काय, दादर काय, मखराच्या सामानाच्या गर्दीत मुलाचा हात धरून चालणंही मुश्कील.

जाड कागद नुसता हाताने दुमडला तर घडीवर तडे जातात. आधी पट्टी धरून संपलेल्या रिफिलने रेघ दाबून ओढा, मग दुमडा.

आता डिंक. सगळ्यात जास्त कार्डं इथेच वाया जातात. फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं. ते जिथे लागतं तिथले कागदाचे तंतू फुगतात, बाजूचे कोरडेच राहतात, आणि कागदावर लाटा उठतात. मुलं तर बाटली सरळ कार्डावरच पिळतात. थोडा डिंक झाकणात काढून द्या आणि इअरबडने फक्त कडांना लावायला सांगा. मोठा तुकडा चिकटवायचा असेल तर ग्लू स्टिक बरी.

लाटा आल्याच तर कार्ड पंख्याखाली ठेवू नका. एक बाजू आधी सुकते आणि ते पापडासारखं वळतं. दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबा. वर्तमानपत्रात मात्र नको, ओलसर कार्डावर शाई उमटते.

स्केचपेनची शाईही बहुधा पाण्यातलीच. डिंक ओला असताना त्यावर लिहिलं की अक्षरं पसरतात, म्हणून मजकूर आधी लिहून घ्या आणि सजावट नंतर करा. ताज्या फुलांच्या पाकळ्या चिकटवण्याचा मोह टाळा. या हवेत त्यांना बुरशी धरते. चमकीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. ती बाईंच्या साडीवर, वह्यांवर आणि तुमच्या घरातल्या लाद्यांवर दिवाळीपर्यंत सापडत राहते. मखराची उरलेली सोनेरी लेस असेल तर तिची एक पट्टी पुरे.

मजकुरात मोठ्यांची लुडबुड फार. ‘आपण ज्ञानाचा दीप आहात’ हे दुसरीतलं मूल म्हणत नाही. त्याला विचारा, बाईंनी काय केलेलं आठवतं? ‘बाई, माझा डबा सांडला तेव्हा तुम्ही तुमच्यातली पोळी दिलीत’ असं काही निघालं तर तेच, त्याच्याच वाकड्या अक्षरात राहू द्या. लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा, पण शब्द त्याचे. अक्षर खोडून सुधारायला बसलात तर खोडरबराने कागदाचा पापुद्रा निघतो, ते वेगळंच. शुद्धलेखन हवं तर आधी कच्च्या कागदावर पाहा. ‘आशीर्वाद’मधला रफार बऱ्याचदा चुकीच्या जागी बसतो आणि मराठीच्या बाईंची नजर नेमकी तिथेच जाते.

कार्डं किती लागणार तेही आधी मोजा. वर्गशिक्षिकेचं होतं, पीटीचे सर आणि चित्रकलेच्या बाई राहून जातात. मग सकाळी बस यायच्या आत वहीचं पान फाडून काहीतरी केलं जातं. त्यापेक्षा सगळ्यांसाठी साधी, एकसारखी कार्डं करा. आतली ओळ प्रत्येकाची वेगळी असली म्हणजे झालं.

कार्ड शाळेत नेताना प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून वह्यांच्या मधे ठेवा. छत्री आणि पाण्याची बाटली दप्तराबाहेरच्या कप्प्यात, आणि बाटलीचं झाकण स्वतः एकदा तपासा.